फॅमिली लाइनमधील जुनी घरे

महाराष्ट्रातील कोणत्याही छावणीत गेले, मग ती खडकी असो, देवळाली असो की कामठी, तरी लष्कराची दोन प्रकारची जुनी घरे नजरेस पडतात. एक प्रकार अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचा: उंच जोते, मंगलोरी कौले, प्रशस्त ओसरी, आवारात वडाची नाहीतर चिंचेची थोराड झाडे. दुसरा प्रकार जवानांच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या क्वार्टर्सचा: सपाट छताच्या, एकमजली किंवा दुमजली, पावसाने काळवंडलेल्या भिंतींच्या लांबच लांब रांगा, ज्यांना आम्ही फॅमिली लाइन म्हणत आलो. बंगल्यांविषयी वारसा म्हणून लिहिले जाते, त्यांची छायाचित्रे निघतात. या रांगांकडे मात्र कोणी थांबून पाहत नाही. मी जवळून पाहिलेल्या रांगांपैकी बऱ्याचशा 1960 ते 1985 या काळातल्या आहेत, आणि त्यांचे आता काय करायचे हा प्रश्न यापुढे ढकलता येण्यासारखा राहिलेला नाही.

या विषयावर लिहिण्याचे कारण दुहेरी आहे. माझे वडील सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती झालेले आणि सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यामुळे माझे बालपण अशाच रांगांमध्ये गेले. पुढे मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि नोकरीचा बराचसा काळ जुन्या सरकारी इमारतींच्या तपासणीत काढला. छताला पडलेली भेग मला एकाच वेळी दोन प्रकारे दिसते. तिच्यामागे गंजलेली सळई दिसते आणि तिच्याखाली झोपलेली मुलेही दिसतात.

भारतीय शिपायाच्या कुटुंबासाठी सरकारने घर बांधावे, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची आहे. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या राज्यात देशी शिपाई 'लाइन्स'मध्ये स्वतः उभारलेल्या झोपड्यांत राहत. त्यासाठी त्यांना थोडाफार भत्ता मिळे आणि पलटण हलली की झोपडी मागे राही. गोऱ्या सैनिकांसाठी मात्र बरॅकी होत्या, आणि त्यांतही ठरावीक संख्येपुरत्याच सैनिकांना बायको सोबत ठेवण्याची मुभा असे. 1857 नंतर गोऱ्या फौजेतील रोगराईने सरकार हादरले. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश शाही आयोगाचा अहवाल 1863 मध्ये आला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यासाठी आकडेवारीचे प्रचंड काम केले, आणि त्यानंतर बांधलेल्या बरॅकींना उंच जोती, उंच छते, रुंद व्हरांडे आणि समोरासमोर खिडक्या आल्या. आज या दगडी इमारतींत पाऊल टाकताच जो गारवा जाणवतो, त्याचे मूळ पटकी आणि हिवतापाने झालेल्या मृत्यूंत आहे.

स्वातंत्र्यानंतर जवानाच्या बायकामुलांचा विचार अधिक गांभीर्याने होऊ लागला. तशात 1962 च्या युद्धानंतर फौज झपाट्याने वाढली, आणि घरांची गरज एकदम अंगावर आली. तो काळ टंचाईचा होता. 1982 मध्ये अंशतः नियंत्रणमुक्ती होईपर्यंत सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या हाती होते, परमिटाशिवाय पोते मिळत नसे, आणि त्या वर्षांतल्या कितीतरी इमारतींच्या काँक्रीटमध्ये सिमेंट हात राखून पडलेले आहे. सळया बहुधा टॉर स्टीलच्या. पिळलेल्या, बळकट, पण गंजाच्या बाबतीत नाजूक. म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांची काळ्या दगडाची बरॅक ताठ उभी असते आणि तिच्या शेजारचे पन्नास वर्षांचे क्वार्टर खचलेले असते, असे चित्र छावणीत सहज दिसते. घराचे वय मोजून निर्णय घेणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यायला हवे.

या घरांत राहणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडे सांगावे लागेल. जवानाची नोकरी फील्ड (सीमेवरची किंवा मोहिमेवरची) आणि पीस (शांततेच्या ठाण्यावरची) अशा दोन प्रकारच्या पोस्टिंगांत वाटलेली असते. फील्डला कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनवर नेता येते, पण सर्वांना एकाच वेळी पुरतील इतकी क्वार्टर्स कधीच नसतात, म्हणून यादी असते, आणि यादीत नंबर लागेपर्यंत बायकामुले गावी थांबतात. याशिवाय, ज्यांचे घरधनी फील्डला आहेत अशा कुटुंबांसाठी काही स्टेशनांवर वेगळी घरे राखलेली असतात, ज्यांना सेपरेटेड फॅमिली क्वार्टर्स म्हणतात. तिथल्या रांगेत दिवसभर दिसतात त्या फक्त बायका, मुले आणि कधीतरी गावाहून आलेले सासूसासरे. क्वार्टर मिळाले की मार्चिंग इन होते. बल्बचे होल्डर, नळ, खिडक्यांच्या काचा, लोखंडी खाटा, आकडे रंगवलेली लाकडी टेबले, सारे मोजून ताब्यात घ्यायचे. सोडताना मार्चिंग आउट, आणि तेव्हा जे कमी भरेल किंवा मोडलेले असेल त्याची बॅरॅक डॅमेज म्हणून पगारातून वसुली. आई या दिवसाच्या आधी भिंतीतला खिळासुद्धा उपटून भोक साबणाच्या चुऱ्याने बुजवत असे. भोवतीची प्रत्येक वस्तू सरकारची असल्यामुळे तिच्यावर आपला हक्क सांगायची सवयच या बायकांना लागत नाही, आणि या घरांच्या भवितव्याची चर्चा होते तेव्हा त्यांचा आवाज कुठेच ऐकू न येण्याचे एक कारण मला तरी हेच वाटते.

पण घराच्या मागच्या अंगाला वेगळाच कारभार चाले. आमच्या एका लाइनमध्ये सगळ्यांच्या मागच्या दारांसमोर एकच लांब पट्टी होती. तिथे धुणे वाळे, सांडगे-पापड घातले जात, आणि दर दोन-तीन घरांमागे कुणीतरी कधीतरी लावलेला कढीपत्ता किंवा शेवगा असे. ज्याने लावला तो केव्हाच आसामला नाहीतर राजस्थानला गेलेला असे. नवी येणारी बाई आधी शेजारणीला विचारी की झाडाला पाणी कोण घालते. वडील फील्डला असताना धाकट्या भावाला रात्री फेफरे आले, तेव्हा आईने मागचे दार उघडून नुसती हाक मारली आणि तीन घरांतल्या बायका धावत आल्या. एकीने भावाला कुशीवर वळवले, एकीने मला जवळ घेतले आणि तिसरी अनवाणीच गाडीसाठी गेटकडे पळाली. यांतली एक गढवालची होती, एक तामिळनाडूतली. आईला तेव्हा हिंदीही धड येत नव्हते. एकट्या बाईने परक्या मुलखात मूल वाढवायचे तर दार उघडताच माणूस दिसायला हवा, आणि त्या घरांची मांडणी, ती कोणी हेतुपुरस्सर केली असो वा नसो, नेमकी ती सोय करून देत होती.

त्याच प्रकारच्या दुसऱ्या एका घरात, वडिलांच्या नंतरच्या एका पोस्टिंगवर, स्वयंपाकघराच्या छताचा परातीएवढा पोपडा ओट्यावर पडला. आई तेव्हा नळावर होती म्हणून वाचली. आधीच्या पावसाळ्यापासून छतावर तांबूस रेघा उमटल्या होत्या, त्या रेघांच्या कडेने गिलावा फुगला होता, आणि काठीने ठोकले की तिथून बद्द आवाज येई. तक्रार नोंदवली होती. माणसे येऊन चुन्याचा हात मारून गेली होती. छत पुन्हा पांढरेशुभ्र दिसू लागले आणि तक्रार मिटली असे मानले गेले.

त्या रेघांचा अर्थ मला पुढे शिकताना कळला. चांगल्या काँक्रीटमध्ये क्षारगुण, म्हणजे अल्कलीपणा, इतका असतो की सळईवर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो तसा हा क्षारगुण उतरतो, पापुद्रा नाहीसा होतो, आणि गळक्या छतातून पाणी आले की सळई गंजू लागते. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, दुप्पट ते सहापटही. त्या दाबाने खालचे आवरण फुटते. म्हणजे पोपडा पडतो तो दुखण्याच्या शेवटी, आणि त्यावर रंगाचा हात देणे म्हणजे डॉक्टरला दिसू नये म्हणून पुरळावर पावडर लावण्यासारखे आहे. वरून ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, नव्याने घातला तर गळती थांबते आणि तेही मोलाचे असते. पण आतली सळई निम्मी खाल्ली गेली असेल तर कोब्याचे वाढीव ओझे त्याच थकलेल्या स्लॅबवर पडते, हे अनेकदा विसरले जाते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे खरी तपासणी. हातोडीचा उसळी-मापक, ध्वनिलहरींचा वेग मोजणारे यंत्र, सळईच्या गंजाचा अंदाज देणारी विद्युत-चाचणी, आणि शंका असेल तिथे काँक्रीटचा नळकांडीच्या आकाराचा तुकडा कापून प्रयोगशाळेत दाब देऊन पाहणे, एवढे केले की एखादी रांग आणखी वीस वर्षे काढेल की दोन, हे बऱ्यापैकी कळते. शहरांतल्या तीस वर्षांवरच्या अनेक सोसायट्या आज या चाचण्या करून घेत आहेत. यात काही अवघड राहिलेले नाही.

अडचण चाचणीनंतर सुरू होते. लष्कराच्या इमारतींची देखभाल करणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसच्या जगात बीईआर नावाचा शेरा आहे: बियॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर, म्हणजे जिची दुरुस्ती आता परवडणारी नाही अशी इमारत. अधिकाऱ्यांचे बोर्ड बसते, पाहणी होते, शिफारस जाते. तर्क सरळ आहे: जी वस्तू पाडायची तिच्यावर पैसा का घालायचा? पण पाडण्याचा शेरा आणि नव्या बांधकामाची मंजुरी यांचे वेळापत्रक वेगवेगळे चालते. नवे घर उभे राहायचे तर आराखडा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, निधी, निविदा अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्यांत वर्षे जातात. या मधल्या काळात जुन्या घरावर मोठा खर्च करता येत नाही आणि नवे घर तर अजून कागदावर असते. यादीतल्या कुटुंबांचा दाब असतो म्हणून ते घर पूर्ण रिकामेही ठेवता येत नाही. धोका सर्वाधिक असतो तो याच काळात, आणि जबाबदारी सर्वांत पातळ होते तीही याच काळात. माझे ठाम मत आहे की एखाद्या रांगेला बीईआर म्हणण्याचा कागद आणि तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे हलवण्याचा कागद यांवर एकाच दिवशी सही व्हायला हवी. हलवायला जागा नसेल तर घरभाड्याचा भत्ता त्याच दिवसापासून सुरू व्हायला हवा. भिजत घोंगडे ठेवण्याची ही जागा नव्हे.

26 जानेवारी 2001 च्या सकाळी कच्छ हादरले तेव्हा भूजच्या हवाई दलाच्या तळावरील निवासी इमारतीही कोसळल्या आणि त्यांत जवानांबरोबर त्यांची बायकामुलेही दगावली. सुटीचा दिवस होता. त्यानंतर आपल्याकडे भूकंपरोधक बांधकामाकडे अधिक गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. सळयांना कमी अंतरावर कड्या घालण्याची आणि खांब-तुळईच्या सांध्याची काळजी घेण्याची जी सविस्तर मानके आज पाळावी लागतात, ती 1970 च्या दशकात बांधलेल्या क्वार्टर्सच्या आराखड्यात असणे शक्यच नव्हते. लातूर-किल्लारीने 1993 मध्ये आणि त्याआधी कोयनेने 1967 मध्ये दाखवून दिले होते की दख्खनचे पठार स्थिर आहे या विश्वासावर विसंबून चालत नाही. तेव्हा ज्या रांगांची चाचणी वाईट येईल त्यांच्याबाबत जुन्या आठवणींचा मुलाहिजा ठेवू नये. माझे बालपण ज्या घरांत गेले त्यांतलीही काही उद्या पाडली गेली, तर मला ते योग्यच वाटेल.

नवी घरे बांधण्याचा प्रयत्न झालाच नाही असे कोणी म्हणू नये. तिन्ही दलांतील विवाहितांच्या घरांची तूट भरून काढण्यासाठी सरकारने सुमारे दोन लाख घरांची योजना आखली आणि 2002 मध्ये मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्टसाठी स्वतंत्र महासंचालनालय उभे केले. स्वातंत्र्यानंतर जवानाच्या कुटुंबासाठी केलेला एवढा मोठा संकल्प दुसरा नाही. काम चार टप्प्यांत आणि चार वर्षांत पुरे व्हायचे होते. प्रत्यक्षात दोन दशके उलटली तरी टप्पे चालूच राहिले, आणि विलंबाबद्दल व कामाच्या दर्जाबद्दल लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले. तरीही ज्या कुटुंबांना त्यांतली घरे मिळाली त्यांचे दिवस पालटले हे मी पाहिले आहे. घरात संडास, ओट्यावर ग्रॅनाइट, मुलांना अभ्यासाला वेगळी खोली. या सुखांना कमी लेखण्याचा अधिकार बंगल्यात किंवा सोसायटीत राहणाऱ्या कोणालाही नाही.

मात्र नवे म्हणजे टिकाऊ, हे गृहीत धरता येत नाही. कोचीतील चंदर कुंज आर्मी टॉवर्सचे उदाहरण ताजे आहे. लष्करी अधिकाऱ्यांसाठी आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनने उभारलेल्या या सदनिका 2018 मध्ये ताब्यात दिल्या गेल्या, आणि काही वर्षांतच दोन उंच इमारती राहण्यास असुरक्षित ठरल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या पाडून पुन्हा बांधण्याचा आदेश दिला. ही घरे मालकीची होती, त्यामुळे राहणारे न्यायालयात जाऊ शकले. क्वार्टरमध्ये राहणारी, नायक हुद्द्याच्या जवानाची बायको कोणत्या न्यायालयात जाणार? तिची दोन-अडीच वर्षे संपतात आणि गळणारे छत पुढच्या कुटुंबाच्या वाट्याला जाते.

ही सारी कटकट नकोच, घरे विकून टाकावीत आणि भाड्याने परत घ्यावीत, हा विचार अधूनमधून आपल्याकडेही डोके वर काढतो. ब्रिटनने तो अमलात आणला आणि त्याचा हिशेब आता पूर्ण झाला आहे, म्हणून तो नीट पाहण्यासारखा आहे. 1996 मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने इंग्लंड आणि वेल्समधील 57 हजारांहून अधिक लष्करी कुटुंबगृहे अ‍ॅनिंग्टन या कंपनीला सुमारे 166 कोटी पौंडांना विकली आणि तीच घरे 200 वर्षांच्या कराराने भाड्याने परत घेतली. भाडे बाजारभावापेक्षा कमी होते, पण देखभाल मात्र खात्याकडेच राहिली. म्हणजे छत गळले तर दुरुस्ती सरकारने करायची आणि जागेची किंमत वाढली तर लाभ कंपनीचा. पुढच्या पंचवीस वर्षांत घरांच्या किमती आकाशाला भिडल्या. करदात्यांचे यात अब्जावधी पौंडांचे नुकसान झाल्याचे तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले. अखेरीस जानेवारी 2025 मध्ये सरकारने 36,347 घरे सुमारे 600 कोटी पौंड मोजून परत विकत घेतली. मधल्या काळात त्या घरांतली बुरशी, बंद पडणारे बॉयलर आणि थंडीत गारठणारी मुले यांच्या तक्रारी संसदेपर्यंत गेल्या. ज्याची मालकी नाही त्याच्यावर मनापासून खर्च कोणी करत नाही, आणि ज्याची मालकी आहे त्याला करारानुसार खर्च करायचा नव्हता.

अमेरिकेने 1996 च्याच कायद्याने वेगळा मार्ग धरला आणि तळांवरची घरे बांधण्या-सांभाळण्याचे काम खासगी कंपन्यांकडे दीर्घ मुदतीने सोपवले. तिथे नवी घरे पुष्कळ उभी राहिली हे खरे. पण बुरशीच्या आणि शिशाच्या रंगाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की भाडेकरू सैनिकांच्या हक्कांची सनद कायद्याने करावी लागली, आणि एका मोठ्या कंपनीने दुरुस्तीच्या नोंदींत फसवणूक केल्याचा गुन्हा 2021 मध्ये कबूल केला.

आपल्याकडे विक्रीचा मोह अधिक आहे, कारण जमीन अधिक आहे. संरक्षण खात्याच्या ताब्यात देशभरात सुमारे 17.99 लाख एकर जमीन आहे आणि त्यांतली 1.61 लाख एकर छावण्यांच्या हद्दीत आहे. ज्या छावण्या स्थापनेच्या वेळी गावाबाहेर होत्या त्या आता शहरांच्या पोटात आल्या आहेत, आणि पुण्यात एकमजली क्वार्टर्सच्या रांगेकडे पाहताना विकासकाला काय दिसते हे सांगायला नको. छावण्यांतील नागरी वस्ती जवळच्या पालिकांना जोडून उरलेला भाग निव्वळ मिलिटरी स्टेशन म्हणून ठेवण्याचे केंद्राचे धोरण आहे. हिमाचलातील खास योल छावणी 2023 मध्ये अशा प्रकारे विसर्जित झाली. धोरण नागरी रहिवाशांच्या दृष्टीने रास्त असू शकेल. माझी काळजी एवढीच की हद्दी नव्याने आखल्या जातात तेव्हा जवळपास रिकाम्या पडलेल्या फॅमिली लाइनचा तुकडा कोणाच्या तरी नकाशात 'अतिरिक्त' म्हणून रंगवला जाऊ नये. शहरातली जागा एकदा गेली की जवानाच्या कुटुंबाला शाळा, इस्पितळ आणि एसटीचा थांबा यांपासून दूर कुठेतरी माळावर जावे लागेल.

लष्कराच्या टाकाऊ ठरलेल्या घरांनी एखाद्याचा संसार सावरल्याचे उदाहरण आपल्या राज्यात आहे, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांच्या मुक्कामासाठी बरॅकींचा विस्तीर्ण तळ उभारला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बरॅकींत आसरा मिळाला. एकेका लांब खोलीत गोणपाटांचे पडदे बांधून कुटुंबांनी आपापला कोपरा केला, आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथले पत्ते कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगितले जातात. युद्धापुरत्या उभारलेल्या भिंतींनी एका समाजाला पाय रोवायला जागा दिली. तेव्हा रिकामी झालेली प्रत्येक लष्करी इमारत पाडलीच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. जी दगडी बरॅक मजबूत आहे पण कुटुंबाला राहायला गैरसोयीची आहे, ती पाळणाघर, वाचनालय, वीरपत्नींसाठी शिवणवर्ग किंवा गावाहून भेटीला आलेल्या आईवडिलांच्या मुक्कामाची जागा होऊ शकते. लष्करी भाषेत याला रि-अप्रोप्रिएशन म्हणतात आणि त्याची रीतसर तरतूद आहे. ती अधिक सढळपणे वापरावी.

घरभाडे देऊन प्रश्न सुटेल, हाही एक युक्तिवाद आहे, आणि तरुण जवानांपैकी काहींना तो खरोखर आवडतो. पुण्यात दिघी, विश्रांतवाडी, बोपखेल या बाजूला अशी कितीतरी कुटुंबे भाड्याने राहतात. नवरा घरी असेपर्यंत हे ठीक चालते. तो फील्डला गेला की भाडेकरार, अनामत, गॅसजोडणी आणि घरमालकाची कटकट हे सारे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीवर पडते, आणि रात्री-बेरात्री हाक मारायची तर युनिटचे माणूस दूर असते.

माझी एक भाचेसून सध्या एका स्टेशनवर नव्या आठमजली इमारतीत राहते. आधीची दीड वर्षे ती जुन्या रांगेत होती. तिला मी मुद्दाम विचारले की दोन्हींतले कोणते घर बरे. ती म्हणाली, "मावशी, जुन्या घराला अंगण होतं, माणसं होती, सगळं खरं. पण पावसाळ्यात मी बाळाची खाट रात्रीतून दोनदा सरकवायची. इथं खाट एका जागी राहते." थोडे थांबून तिने पुढे सांगितले की लिफ्ट बंद असली की सासूबाई चार-चार दिवस खाली उतरत नाहीत, आणि शेजारच्या दारामागे कोण राहते हे कळायला तिला दोन महिने लागले. दोन्ही गोष्टी तिने सारख्याच शांतपणे सांगितल्या. तिच्या दृष्टीने निवड अवघड नव्हती, कारण छताची भीती पहिली असते.

पण ही निवड तिला करावी लागावी असे काही नाही. कोरडे छत आणि उघडे मागचे दार, ही दोन्ही एकाच घरात असू शकतात. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, मधे मोकळे आवार ठेवून समोरासमोर बांधलेल्या इमारतींत एकमजली रांगेपेक्षा कितीतरी पट अधिक कुटुंबे बसतात, आणि तरी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली खेळणारे मूल दिसते, हाक ऐकू जाते. लिफ्ट असलीच तर तिला जनरेटर असावा, आणि तळमजल्याची घरे गरोदर बायका, म्हाताऱ्या माणसांची कुटुंबे आणि दिव्यांग मुले असलेली कुटुंबे यांच्यासाठी राखलेली असावीत. मजल्यांची उंची जमिनीच्या भावावरून ठरू नये. शहरात सर्वत्र ती तशीच ठरते, पण ही जमीन विकायची नसल्यामुळे इथे तरी ती बळजबरी नाही.

मला विचाराल तर सुरुवात स्टेशनवार नकाशाने व्हावी. प्रत्येक रांगेपुढे तिच्या चाचणीचा निकाल, बांधकामाचे वर्ष, पाण्याच्या आणि मैल्याच्या नळांची अवस्था आणि आवारातली मोठी झाडे नोंदवावीत, म्हणजे नव्या इमारतींची मांडणी झाडे धरून करता येईल. ज्या रांगा वाचण्यासारख्या आहेत त्यांचे छत आणि नळ यांचे काम एकदाच आणि पुरते व्हावे. लोखंडी नळ काढावेत, सळया उघड्या करून साफ कराव्यात, आवरण पुन्हा चढवावे, आणि मगच रंग लावावा. ज्या पाडायच्या आहेत त्यांचा क्रम धोक्यावरून लावावा. पाहणीच्या बोर्डात त्या रांगेत राहणाऱ्या किमान दोन बायका असाव्यात आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात त्यांच्या सहीनिशी यावे. कोणत्या खोलीत पाऊस कुठून शिरतो, कोणत्या नळाला दुपारी पाणी नसते आणि कोणत्या जिन्यावर रात्री दिवा नसतो, हे त्यांना ठाऊक असते आणि फायलीत ते कधीच उतरत नाही. रांग रिकामी करायची ती एप्रिलच्या शेवटी, शाळेच्या परीक्षा झाल्यावर आणि पावसाला एक महिना अवकाश असताना. एका आवारातली कुटुंबे शक्यतो एकाच नव्या आवारात हलवावीत, आणि त्या यादीत सर्वांत वर त्या घरांची नावे असावीत ज्यांतला माणूस त्या घडीला फील्डवर आहे.